गावच्या केंद्रातील फ्रीज व डीप फ्रीझर : मांडणी, वापर आणि निगा

दूध, पनीर, मासळी, मटार, स्ट्रॉबेरी, आंब्याचा रस हा सर्व नाशवंत माल होय. तो पिकविण्यास अथवा मिळविण्यास जेवढे कष्ट पडतात, तेवढेच तो ग्राहकाच्या हाती पोचेपर्यंत टिकविण्यास पडतात. पूर्वी असा माल त्याच दिवशी, मिळेल त्या भावाने विकून टाकण्याखेरीज उत्पादकास गत्यंतर नसे. आता अनेक गावांतील दूध संस्था, उत्पादक गट, महिला बचत गट व मच्छीमारांच्या सोसायट्या यांनी स्वतःचे मोठे फ्रीज व डीप फ्रीझर घेतले आहेत. माल एक-दोन दिवस अथवा काही महिने राखून योग्य भाव येताच विकण्याची सोय त्यामुळे झाली आहे.

तथापि यंत्र घेतले म्हणजे माल टिकलाच, असा समज करून घेणे नुकसानीचे ठरते. उन्हाळ्यात संध्याकाळी जमा झालेले कोमट दूध कॅनसह फ्रीजमध्ये ठेवावे, दार लावून निर्धास्तपणे घरी जावे, आणि सकाळी दूध तापविताच नासावे, हा अनुभव अनेक ठिकाणी येतो. अशा वेळी दोष बहुधा यंत्राला दिला जातो. कारागीर बोलाविला जातो, गॅस भरला जातो, पैसे खर्च होतात आणि पुढील आठवड्यात तोच प्रकार पुन्हा घडतो. वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते. जे काम त्याचे नव्हे, ते त्याच्याकडून अपेक्षिलेले असते. म्हणून यंत्राचे काम कोणते व कोणते नव्हे, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्र काय करते?

फ्रीज थंडी निर्माण करीत नाही. तो आतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. या एका गोष्टीचा उलगडा झाला म्हणजे मांडणीचे, वापराचे व निगेचे जवळजवळ सर्व नियम आपोआप समजतात.

मातीच्या माठातील पाणी गार का होते, हे सर्वांस ठाऊक आहे. माठाच्या अंगातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते. फ्रीजमध्येही हेच तत्त्व योजिलेले असते. फरक इतकाच की, माठातील पाणी हवेत उडून जाते, तर फ्रीजमधील द्रव्य बंद नळ्यांतून सतत फिरत राहते. हे द्रव्य, ज्याला व्यवहारात ‘गॅस’ म्हणतात, आतील नळ्यांत उकळून वायुरूप होते व त्या वेळी कपाटातील उष्णता शोषून घेते. काँप्रेसर तो वायू दाबून बाहेरील जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये ढकलतो. तेथे वायू आपली उष्णता खोलीतील हवेला देऊन पुन्हा द्रवरूप होतो आणि एका अतिशय बारीक नळीतून परत आत येतो. कंडेन्सरची जाळी हाताला गरम लागते ती यामुळेच. आतील मालाची उष्णता व काँप्रेसरने घेतलेली वीज या दोन्हींचे ओझे तेथून बाहेर पडत असते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, जेवढी उष्णता आत येऊ दिली जाईल तेवढी सर्व यंत्राला बाहेर टाकावी लागते. दुसरी, ती टाकण्यास बाहेर मोकळी व शक्य तितकी गार हवा असावी लागते. आत येणारी उष्णता कमी करणे आणि बाहेर जाणाऱ्या उष्णतेची वाट मोकळी ठेवणे, एवढेच चालकाचे काम आहे.

उष्णता अडविण्याचे महत्त्व किती आहे, याचे एक जुने उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. यंत्राने बर्फ करण्याची कला रुळण्यापूर्वी, १८३३ साली, अमेरिकेतील बोस्टन बंदरातून सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ जहाजाने कलकत्त्यास पाठविण्यात आला. विषुववृत्त दोनदा ओलांडणारा हा प्रवास सुमारे चार महिन्यांचा होता. तरीही सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोचला. जहाजावर थंड करणारे कोणतेही यंत्र नव्हते. होते ते केवळ उष्णता अडविणारे आवरण. फ्रीजच्या भिंतींतील फेस, दाराची रबरी पट्टी व झाकण यांचे काम हेच आहे.

थंड ठेवणे आणि थंड करणे

माल थंड ठेवणे व गरम माल थंड करणे ही दोन कामे भिन्न आहेत. दुकानातील फ्रीज मुख्यतः पहिल्या कामासाठी बनविलेला असतो.

४० लिटरच्या एका कॅनमधील दूध ३५ अंश सेल्सियसवरून ५ अंशांवर आणावयाचे असल्यास त्यातून सुमारे १,१५० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. म्हणजे एका कॅनची उष्णता काढण्यास सुमारे १४ किलो बर्फ वितळावा लागेल. एवढी उष्णता लहान यंत्राला काही तासांतच बाहेर टाकावी लागते. त्यातच कॅनभोवतीची हवा उष्णतेची मंद वाहक असल्याने कॅनच्या मध्यभागचे दूध थंड होण्यास संपूर्ण रात्रही लागू शकते. दुधातील जिवाणूंना उबदार स्थितीत २० ते ३० मिनिटांत दुप्पट होता येते. दर ३० मिनिटांनी दुप्पट धरल्यास चार तासांत एकाचे २५६ होतात. दूध नासते ते या अवधीत.

यासाठी दूध, उकळलेला रस अथवा शिजविलेला कोणताही माल प्रथम फ्रीजच्या बाहेर गार करून घ्यावा. कॅन वाहत्या गार पाण्याच्या हौदात अथवा बर्फाच्या पाण्यात ठेवावा, पाण्याची पातळी आतील दुधाच्या पातळीइतकी असावी आणि स्वच्छ दांडीने दूध अधूनमधून ढवळावे. हवेपेक्षा पाणी उष्णता पुष्कळच लवकर ओढून घेते. दूध गार झाल्यावरच ते फ्रीजमध्ये न्यावे. ज्या संस्थेत रोज शेकडो लिटर दूध जमते, तेथे फ्रीज हा उपायच नव्हे. दूध त्वरेने ४ अंशांवर आणणारा बल्क मिल्क कूलर तेथे आवश्यक आहे.

डीप फ्रीझरच्या बाबतीत हा भेद अधिकच ठळक आहे. एक किलो पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणण्यास ३० किलोकॅलरी काढाव्या लागतात. परंतु शून्य अंशावरील त्याच पाण्याचा बर्फ करण्यास आणखी ८० काढाव्या लागतात. मटार अथवा मासळी यांत बहुतांश पाणीच असल्याने ताजा माल गोठविणे हे यंत्राचे सर्वांत जड काम होय. फ्रीझर एकदम ताज्या मालाने भरल्यास तो माल सावकाश गोठतो, त्यात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि माल वितळल्यावर त्यातून पाणी सुटून तो लिबलिबीत होतो. शिवाय आधीचा गोठलेला मालही सैल पडतो. २४ तासांत किती किलो माल गोठविता येईल, हे बहुतेक उत्पादक माहितीपुस्तिकेत देतात. ती मर्यादा ओलांडू नये. माल सपाट, पातळ पुड्यांत भरून थोडाथोडा लावावा.

यंत्राची निवड

यंत्र घेताना केवळ लिटरचा आकडा व किंमत पाहू नये. पुढील बाबींचा विचार करावा.

माल कोणता व त्यास कोणते तापमान हवे, हे प्रथम ठरवावे. दूध, पनीर व दही यांस सुमारे ४ अंश तापमान योग्य. स्ट्रॉबेरी व हिरवा मटार यांस शून्य ते १ अंश चालते. ताजी मासळी बर्फाच्या थरांत शून्याच्या आसपास ठेवावी. गोठविलेला मटार, मासळी व आमरस यांस उणे १८ अंश अथवा त्याहून कमी तापमान लागते. याउलट कच्चा हापूस आंबा व केळी यांस सुमारे १३ अंशांखालील थंडी सोसत नाही. साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. कच्च्या टोमॅटोलाही फार थंडी बाधते. बटाटा फार थंड जागी ठेवल्यास त्यातील पिठाची साखर होते. म्हणजे एकाच फ्रीजमध्ये सर्व माल कोंबणे हे काही मालाला तारक, तर काहींना मारक ठरते.

आडवी पेटी व उभे कपाट यांत फरक आहे. थंड हवा जड असल्याने आडव्या पेटीचे झाकण उघडले तरी ती तळाशी राहते. उभ्या कपाटाचे दार उघडताच ती खाली वाहून जाते. दीर्घकाळच्या साठ्यासाठी पेटी बरी; वारंवार काढघाल करावयाच्या विक्रीसाठी काचेच्या दाराचे कपाट सोयीचे. काचेतून उष्णता अधिक शिरते, हे मात्र ध्यानात असू द्यावे. डीप फ्रीझरांसाठी विजेच्या बचतीचे तारांकन २०२० साली सुरू झाले आहे. अधिक ताऱ्यांचे यंत्र प्रथम महाग पडले तरी अहोरात्र चालणाऱ्या यंत्रात तो फरक वीजबिलातून भरून निघण्याचा संभव असतो.

यंत्र किती उष्ण हवेत काम करू शकते, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. उष्ण प्रदेशासाठी बनविलेल्या अनेक यंत्रांची मर्यादा ४३ अंश असते. विदर्भात मे महिन्यात सावलीतील तापमानही ४५ अंशांपर्यंत जाते आणि पत्र्याच्या शेडमध्ये ते त्याहून अधिक असते. अशा ठिकाणी यंत्राइतकेच खोलीच्या छपराकडे लक्ष पुरविले पाहिजे.

मांडणी व वीजजोडणी

१. यंत्र शक्यतो उभेच आणावे. वाहतुकीत ते आडवे झाले असल्यास काँप्रेसरमधील तेल नळ्यांत शिरते. म्हणून जागेवर उभे केल्यावर माहितीपुस्तिकेत सांगितले असेल तेवढे तास, आणि तसे काही दिले नसल्यास निदान एक संपूर्ण रात्र, थांबून मगच ते सुरू करावे.

२. जागा सपाट, कोरडी, सावलीची व हवेशीर असावी. चूल, भट्टी, पश्चिमेचे ऊन येणारी खिडकी व गिरणीची धूळ यांपासून यंत्र दूर ठेवावे. मागे व बाजूंस निदान १५ सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी. यंत्राच्या मागे पोती अथवा रिकामे खोके रचू नयेत. उष्णतेची वाट त्याने बुजते.

३. फरशीवर पाणी साचण्याचा संभव असल्यास यंत्र पक्क्या ओट्यावर अथवा लोखंडी घोडीवर ठेवावे. ते पातळीत असावे. कलते ठेवल्यास दार नीट मिटत नाही व विरघळलेले पाणी निथळत नाही. कोकणातील खाऱ्या हवेत पत्रा व नळ्या लवकर गंजतात, म्हणून तेथे रंग उडालेल्या जागा वेळीच रंगवून घ्याव्यात.

४. यंत्रासाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एम.सी.बी. व योग्य अर्थिंग असावे. गळती होताच वीज तोडणारे संरक्षक उपकरण अवश्य बसवावे. ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. लांबलचक जोडवायर व एकाच प्लगात अनेक उपकरणे हा प्रकार कटाक्षाने टाळावा.

५. शेतीपंपांच्या वाहिनीवर वीज ठराविक तासच मिळते. म्हणून फ्रीजची जोडणी गावठाणाच्या वाहिनीवरूनच, अधिकृत मीटरमार्फत घ्यावी.

६. विजेचा दाब कमी झाल्यास काँप्रेसर सुरू होण्यासाठी धडपडतो, त्याचे वेटोळे तापते व जळते. म्हणून यंत्रास साजेसा स्टॅबिलायझर बसवावा. वीज परत आल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबून मगच यंत्रास वीज देण्याची सोय त्यात असावी. काँप्रेसर थांबताच पुन्हा लगेच सुरू केल्यास नळ्यांतील दाब उतरलेला नसतो व त्यावर फार ताण पडतो. जनरेटर घेताना काँप्रेसर सुरू होतानाची वीज ही नेहमीच्या चालू विजेच्या कित्येक पट असते, हे ध्यानात घ्यावे.

७. यंत्र सुरू केल्यावर त्यात लगेच माल भरू नये. प्रथम ते रिकामे, एक दिवस व रात्र चालवावे. फ्रीजमध्ये पाण्याच्या पेल्यात व फ्रीझरमध्ये मधोमध थर्मामीटर ठेवून इच्छित तापमान येते की नाही, ते पाहावे. त्यानंतरच माल लावण्यास प्रारंभ करावा.

रोजचा वापर

थर्मोस्टॅटच्या बटणावरील १, २, ३ हे आकडे अंश नव्हेत. ते केवळ थंडीचा कमी-अधिकपणा दाखवितात. बटण शेवटच्या आकड्यावर फिरविल्याने माल लवकर थंड होतो, ही समजूत चुकीची आहे. यंत्राचा वेग त्याने वाढत नाही. ते केवळ अधिक वेळ चालू राहते आणि कधी कधी फ्रीजमधील माल नको असताना गोठतो. म्हणून भरवसा बटणावर नव्हे, तर थर्मामीटरवर ठेवावा. यंत्रावरील आकडे दाखविणारी पट्टीही वर्षातून एकदा वितळत्या बर्फाच्या पाण्यात ठेवून तपासलेल्या थर्मामीटरशी ताडून पाहावी. असे पाणी शून्य अंश दाखविते.

सकाळी दार प्रथम उघडताना व संध्याकाळी बंद करताना तापमान पाहून वहीत लिहावे. तारीख, वेळ, तापमान व सही एवढ्या चार रकान्यांची वही पुरे. यंत्र एकाएकी बंद पडण्याच्या आधी बहुधा काही दिवस त्याचे तापमान एकेका अंशाने वर सरकत असते. वही असेल तरच ही चढण डोळ्यांत भरते आणि माल वाचविण्यास वेळ मिळतो.

माल भरताना पुढील नियम पाळावेत. पंख्याच्या तोंडाशी व भिंतीलगत हवा फिरण्यास जागा ठेवावी. पेटीच्या आतील बाजूस भरण्याची मर्यादा दाखविणारी रेघ असते. तिच्यावर माल रचू नये, कारण त्या रेषेवरील माल थंड हवेच्या बाहेर राहतो. कच्ची मासळी व मांस नेहमी खालच्या कप्प्यात, झाकलेल्या भांड्यात ठेवावे, म्हणजे त्यांचे पाणी दूध-पनीरावर गळणार नाही. प्रत्येक पुड्यावर भरल्याची तारीख लिहावी व आधी आलेला माल आधी काढावा. मटार गोठविण्यापूर्वी उकळत्या पाण्यात सुमारे दीड ते दोन मिनिटे बुडवून लगेच गार पाण्यात काढावा, म्हणजे त्याचा रंग व चव टिकते. पुडे हवाबंद असावेत. अन्यथा फ्रीझरमधील कोरड्या थंडीने माल सुकून पांढुरका पडतो.

दार उघडण्यापूर्वी काय काढावयाचे ते ठरवावे व एकाच वेळी काढून घ्यावे. पावसाळ्यात प्रत्येक वेळी दमट हवा आत शिरते व तिचे हिमथर आतील नळ्यांवर चढतात. म्हणून त्या दिवसांत दाराची काळजी विशेष घ्यावी.

वीज गेल्यास

वीज गेली असता पहिला नियम हा की, दार उघडू नये. पूर्ण भरलेला डीप फ्रीझर बंद राहिल्यास साधारण हवामानात सुमारे दोन दिवस व अर्धा भरलेला एक दिवस माल गोठलेला राखतो. फ्रीजची धाव मात्र सुमारे चार तासांचीच असते. मराठवाडा-विदर्भातील उन्हाळ्यात अथवा काचेच्या झाकणाच्या पेटीत हा अवधी बराच कमी धरावा. फ्रीझरमधील रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या थोड्या रित्या ठेवून गोठवून ठेवाव्यात. वीज असताना साठविलेली ही थंडी वीज नसताना उपयोगी पडते. दीर्घकाळ वीज न आल्यास त्यांपैकी काही बाटल्या फ्रीजमध्ये हलविता येतात.

रात्री वीज किती वेळ गेली होती, हे सकाळी कळत नाही. यासाठी एक साधी युक्ती आहे. वाटीभर पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवावे व वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यावी. नाणे वरच असेल, तर माल सुरक्षित समजण्यास हरकत नाही. ते वाटीच्या तळाशी गेले असेल, तर मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे, मग माल बाहेरून कितीही कठीण लागो.

ज्या मालात अजून बर्फाचे कण आहेत अथवा ज्याचे तापमान ५ अंशांच्या आत आहे, तो पुन्हा गोठविता येतो; त्याची प्रत मात्र थोडी उतरते. पूर्ण वितळून दोन तासांहून अधिक काळ उबदार राहिलेली मासळी व दुधाचे पदार्थ टाकून द्यावेत. वासावरून निर्णय करू नये, कारण आजार आणणारे सर्वच जिवाणू वास आणीत नाहीत. टाकलेल्या मालाचे दुःख एका दिवसाचे असते. पण आजारी पडलेल्या ग्राहकामुळे केंद्राचा गेलेला विश्वास वर्षानुवर्षे परत येत नाही.

निगा

निगेची बहुतेक कामे केंद्रातील माणसासच करता येतात. त्यासाठी कारागिराची गरज नसते.

रोज : तापमानाची नोंद करावी. सांडलेले दूध अथवा मासळीचे पाणी तत्काळ पुसावे. दार नीट मिटते की नाही, ते पाहावे.

आठवड्यास : दाराची रबरी पट्टी कोमट पाण्याने व सौम्य साबणाने पुसून कोरडी करावी. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे व ती ओढून पाहावी. ती सहज निसटल्यास त्या जागी रबर सैल झाले आहे असे समजावे. चारही बाजूंनी अशी तपासणी करावी. फ्रीजमधील पाणी निथळण्याचे छिद्र मोकळे ठेवावे.

महिन्यास : प्लग काढून कंडेन्सरच्या जाळीवरील धूळ मऊ ब्रशाने झाडावी. पिठाची गिरणी अथवा कच्चा रस्ता जवळ असल्यास हे काम पंधरवड्यास करावे. सर्व निगेत हे एक काम सर्वांत अधिक फळ देणारे आहे. धुळीने माखलेली जाळी उष्णता बाहेर टाकू शकत नाही, काँप्रेसर सतत चालतो, वीजबिल वाढते व शेवटी काँप्रेसर जळतो. त्याच वेळी उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हेही पाहावे.

हिमथर सुमारे ५ मिलिमीटर जाड झाला की तो काढावा. बर्फ उष्णता अडवितो, म्हणून नळ्यांवरील बर्फाचा थर हा थंडी नव्हे, तर थंडीच्या वाटेतील अडथळा होय. त्यासाठी माल दुसऱ्या पेटीत अथवा बर्फात हलवावा, यंत्र बंद करून झाकण उघडे ठेवावे व आत गरम पाण्याचे पातेले ठेवावे. सुरी, पेचकस अथवा कोयत्याने बर्फ कधीही खरवडू नये. ॲल्युमिनियमची पातळ नळी एका टोच्याने फुटते आणि कित्येक वेळा ती दुरुस्त होण्याजोगी राहत नाही. बर्फ निघाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतील भाग पुसावा, कोरडा करावा, आणि यंत्र पूर्ण थंड झाल्यावरच माल परत लावावा.

वर्षास : उन्हाळ्याच्या आरंभी जाणत्या कारागिराकडून वीजजोडण्या, अर्थिंग, पंखे व काँप्रेसर घेत असलेली वीज यांची तपासणी करून घ्यावी.

दोष ओळखणे

यंत्र मुळीच चालत नसल्यास प्रथम प्लग, एम.सी.बी. व स्टॅबिलायझर पाहावा. काँप्रेसर सतत चालत असूनही थंडी पुरेशी होत नसल्यास कंडेन्सरची धूळ, दाराची पट्टी, आतील हिमथर व नुकताच भरलेला गरम माल या चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात. काँप्रेसर ‘टक्’ असा आवाज करून वारंवार बंद पडत असल्यास विजेचा दाब कमी आहे अथवा सुरू करणारा रिले बिघडला आहे, असा संशय घ्यावा. अशा वेळी प्लग काढून ठेवावा आणि कारागिरास बोलवावे. आतील नळ्यांच्या एकाच भागावर बर्फ धरत असेल व बाकीचा भाग कोरडा राहत असेल, तर गॅस कमी झाल्याचा संभव असतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गॅस दरवर्षी भरावा लागतो, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तो डिझेलाप्रमाणे खर्च होत नाही. नळ्या बंद असतील, तर तोच गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. गळती शोधून बुजविल्याखेरीज गॅस भरून घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. म्हणून गळती कोठे होती व ती कशी बुजविली, हे कारागिरास विचारावे आणि वहीत लिहून घ्यावे.

गॅस कोणता आहे, हेही यंत्राच्या पाटीवरून पाहून ठेवावे. पूर्वी वापरात असलेल्या आर-१२ या गॅसमुळे वातावरणातील ओझोनच्या थराची हानी होते, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये तो बंद करण्यात आला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु तो हवेत सुटल्यास पृथ्वीच्या तापमानवाढीस हातभार लावतो. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी २०१६ साली किगाली येथे दुरुस्ती संमत झाली व भारताने २०२१ साली तिला मान्यता दिली. नव्या अनेक यंत्रांत आर-२९० म्हणजे प्रोपेन अथवा आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. हे दोन्ही वायू वातावरणास तुलनेने निरुपद्रवी असले तरी ज्वालाग्राही आहेत. अशा यंत्राच्या मागे आगीच्या ज्योतीचे चिन्ह असते. त्याच्या नळ्यांजवळ विस्तव नेऊ नये, आणि या वायूंच्या कामाचे शिक्षण घेतलेल्या कारागिराखेरीज कोणासही ते उघडू देऊ नये. एका जातीच्या गॅससाठी बनविलेल्या यंत्रात दुसऱ्या जातीचा गॅस कधीही भरू नये.

निकामी झालेली पेटी अंगणात टाकून देऊ नये. खेळताना मूल आत शिरून झाकण मिटल्यास प्राण जाण्याचा धोका असतो. अशा पेटीचे दार अथवा झाकण प्रथम काढून टाकावे.

समारोप

नाशवंत मालाच्या व्यवसायात यंत्र हा एक सहायक आहे; राखणदार मात्र माणूसच. माल गार करून मगच आत ठेवणे, दार कमीत कमी उघडणे, कंडेन्सरची जाळी स्वच्छ ठेवणे व दिवसातून दोन वेळा तापमान लिहिणे या चार गोष्टींस विशेष खर्च येत नाही. त्या ज्या केंद्रात नियमाने होतात, तेथील यंत्र बहुधा दीर्घकाळ टिकते आणि दुधाच्या प्रत्येक थेंबाचे व मासळीच्या प्रत्येक टोपलीचे मोल उत्पादकाच्या हाती पडते. केंद्र चालविणाऱ्या मंडळींनी ही कामे कोणी, केव्हा करावयाची ते एका फळ्यावर लिहून यंत्राजवळ लावावे व प्रत्येक काम एकेका व्यक्तीवर सोपवावे. सर्वांचे म्हणून सोपविलेले काम कोणाचेच राहत नाही.